होटगीकर सरांची फळप्रक्रिया

होटगीकर सर आयुष्यात एकदाच खोटं बोलले, आणि तेही त्यांना धड जमलं नाही. सवयच नव्हती. आमच्या शाळेत त्या कामाचा सराव असलेली माणसं पुष्कळ होती. मी सव्वीस वर्षं तिथे क्लार्क होतो, तेव्हा मलाही त्यातच धरा. सरांनी नुसतं विचारलं असतं तरी आम्ही दोन-चार युक्त्या आनंदानं शिकवल्या असत्या. पण विचारणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते भूगोलाचे शिक्षक. रस्ता विचारणाऱ्या माणसाकडे ते नापास मुलाकडे बघावं तसे बघायचे.

उंच, शिडशिडीत अंगकाठी, शर्टाच्या खिशाला तीन पेनं. निळं लिहायला, लाल मुलांच्या चुकांना आणि हिरवं स्वतःच्या चुकांना. हिरव्या पेनाची रिफिल वर्षानुवर्षं संपत नसे. तोंडात एकच वाक्य कायम, "माणूस चुकला तर चालेल भाऊसाहेब, पद्धत चुकता कामा नये." शाळेत क्लार्कला भाऊसाहेब म्हणतात. त्यात आदर किती आणि कामापुरता गोडवा किती, हे मी कधी तपासलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधी आमचं स्टाफचं जेवण असे. त्यात सर वाढपी. हा मान त्यांना कुणी दिला नव्हता, त्यांनी तो घेतला होता. पानात आधी मीठ, मग लिंबू, मग चटणी, मग कोशिंबीर, हे सगळं डावीकडे; भाजी-आमटी उजवीकडे. एका वर्षी नव्यानं लागलेल्या पी.टी.च्या सरांनी मदत म्हणून अख्ख्या रांगेला भाजी डावीकडे वाढली. होटगीकर सर आले, रांगेकडे पाहिलं आणि अकरा पानं उचलून नवी अकरा मांडली. भुकेजलेले अकरा शिक्षक हात धुऊन नुसते बसून राहिले. स्वतः सर सगळ्यांच्या शेवटी जेवायचे, तेही स्वयंपाकघराच्या दारात उभ्या-उभ्या. आग्रह मात्र असा करायचे, की एकदा आमचे माने हेडसर जिलबी चुकवण्यासाठी पानावर आडवे झाले होते.

आता हा माणूस मद्यनिषेध समितीचा प्रमुख असणार हे सांगायला नकोच. दर ऑक्टोबरात सरांची प्रभातफेरी निघे. घोषणा त्यांच्याच. 'नको बाटली, नको पेला, बघा शेजारी कुठं गेला!' मुलं ही घोषणा देताना नेमकी रस्त्यातल्या एखाद्या सभ्य गृहस्थाकडे बोट करत आणि तो बिचारा उगाचच मागे वळून बघे. फेरीच्या पुढे फलक घेऊन आमचा शिपाई शिवाप्पा असे. गाल तंबाखूच्या बारानं फुगलेला, त्यामुळे घोषणा देणं त्याला शक्य नसे.

"थुंकून ये आधी," सर म्हणायचे.

"आत्ताच भरलाय की सर," शिवाप्पा आकाशाकडे तोंड करून सांगायचा. "फेरी संपूस्तोर पुरतोय."

फेरीनंतर मैदानावर शपथ. शपथही सरांनीच लिहिलेली: 'मी मद्याला स्पर्श करणार नाही. मद्य पिणाऱ्याशी, विकणाऱ्याशी आणि बनवणाऱ्याशी कोणताही संबंध ठेवणार नाही.' तो कागद दर वर्षी टाइप करायला माझ्याकडे येई. एका वर्षी आला तेव्हा 'आणि बनवणाऱ्याशी' एवढे दोन शब्द हिरव्या पेनानं खोडलेले होते.

मी तो तसाच टाइप करून दिला. पण क्लार्कच्या हाती खोडलेला शब्द लागणं म्हणजे मांजराला दुधाचा वास लागणं. सरांची एकुलती एक मुलगी गौरी मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. झाली होती आणि तिला नाशिककडे नोकरी लागली होती. कुठे, असं स्टाफरूममध्ये विचारल्यावर सर म्हणाले होते, "फळप्रक्रिया उद्योगात." तिथे थांबले असते तरी निभावलं असतं. पण प्रश्नाला पूर्ण उत्तर द्यायचं, ही पद्धत.

"कसली फळं?" माने हेडसरांनी सहज विचारलं.

"द्राक्षं."

"द्राक्षांचं काय करतात?"

सर खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "जॅम."

"द्राक्षांचा जॅम?"

"करतात," सर म्हणाले आणि पुढच्या तासाची घंटा व्हायच्या आधीच वर्गावर गेले.

हेडसर सरळ माणूस. त्यांनी नातवासाठी एक बाटली मागितली. पुढच्या महिन्यात सरांनी ती आणून दिली. बाजारातला साधा मिक्स फ्रूट जॅम, लेबल पाण्यात भिजवून खरवडून काढलेलं. झाकणावर कंपनीचं नाव होतं, ते काढायचं सरांना सुचलं नाही. हेडसरांनी ते वाचलं असणार, पण बोलले फक्त एवढंच की चव ओळखीची वाटली. मी चार-दोन ठिकाणी फोन केले आणि गौरी एका वायनरीत वाइन तयार करण्याच्या विभागात आहे, ही बातमी मिळवली. मिळवली ती मिळवली, जपूनही ठेवली नाही. स्टाफरूममधल्या कदमबाईंना सांगितली. कदमबाईंना सांगणं म्हणजे फळ्यावर लिहिणं.

पण खरी चूक मी केली ती हेडसरांच्या मुलीच्या लग्नात. गौरी सुट्टी काढून आली होती. मोठी गोड पोरगी, बापासारखीच उंच. मला सगळं माहीत असून, केवळ गंमत बघावी म्हणून मी विचारलं, "काय गौरी, जॅम काय म्हणतोय?"

"कुठला जॅम, काका?"

"तुमच्या फॅक्टरीतला! बाबा सांगतात की. हेडसरांना एक बाटलीपण दिली."

तिनं लांब, पंगतीच्या टोकाला आमटीचं भांडं घेऊन वाढत चाललेल्या सरांकडे बघितलं. "छान आहे जॅम," ती म्हणाली, आणि न जेवता निघून गेली नाही, इतकीच काय ती माझ्यावर कृपा. त्या दिवाळीला ती घरी आली नाही. संक्रांतीलाही नाही. तिची आई, शारदाकाकू, आमच्या घरी येऊन माझ्या बायकोपाशी रडल्या. गौरी आईला फोन करी, वडिलांशी बोलत नसे. एकच वाक्य बोलली होती, "बाबांना माझी लाज वाटते, मग मी कशाला येऊ?"

तिला हे कुणाकडून कळलं, ते काकूंना माहीत नव्हतं. माझ्या बायकोलाही नव्हतं. मी पेपर वाचत बसलो होतो, तो तसाच वाचत राहिलो. माझी मला लाज वाटली, हे इथे लिहितो. तोंडानं कधी बोललो नाही.

सर तोवर निवृत्त झाले होते. जुळे सोलापुरातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दोघंच. कुणालाही वाटेल की आता सरांनी फोन उचलावा आणि मुलीला म्हणावं, बाई, चुकलं माझं. पण तशी पद्धत त्यांना ठाऊक नव्हती. त्यांनी मुलीला पत्र पाठवलं. वर 'विषय' आणि खाली क्रमांक घालून सात तांत्रिक शंका. पहिली, शेंगाच्या चटणीबरोबर कोणते द्राक्षपेय योग्य? दुसरी, भरल्या वांग्याबरोबर कोणते? असं करत सातवी, शेंगापोळीनंतर काही घ्यावे की नाही? गौरीनं आठ दिवस उत्तर दिलं नाही. नवव्या दिवशी आईच्या फोनवर सातही उत्तरं आली. त्यावर सरांचं दुसरं पत्र, 'उत्तरे समाधानकारक. प्रत्यक्ष मार्गदर्शनाची आवश्यकता आहे.' काकू सांगत होत्या, हे पत्र वाचून पोरगी फोनवर आधी हसली आणि मग 'येते' म्हणाली.

मग आम्हाला आमंत्रण आलं. सुवाच्य अक्षरात, 'रविवारी सकाळी अकरा वाजता. द्राक्षपेय व खाद्यपदार्थ यांची सांगड. मार्गदर्शक: कु. गौरी होटगीकर.' बोलावलेले तिघंच. माने हेडसर, शिवाप्पा आणि मी. शिवाप्पाला का, असं मी विचारलं. सर म्हणाले, "अनुभवी माणूस पाहिजे एक."

आणि आदल्या दिवशी सरांनी आम्हा तिघांच्या हातात एकेक सरकारी कागद ठेवला. मद्यसेवनाचा एक दिवसाचा परवाना, पूर्ण नावानिशी. हेडसरांचा चेहरा पडला.

"होटगीकर, अहो, हे काय केलंत? जन्मभर सुपारीसुद्धा खाल्ली नाही मी. आता सरकारदरबारी माझं नाव कशात लागलं?"

"वाइनला लागतो की नाही यावर मतभेद आहेत," सर म्हणाले. "असलेला बरा."

शिवाप्पानं मात्र आपला परवाना खिशात जपून ठेवला. म्हणाला, "इतकी वर्षं इनापरवाना चाललं, आज पैल्यांदा कायदेशीर हाय."

रविवारी गेलो तर काकूंनी सगळे पडदे ओढून घेतले होते. सर आले आणि त्यांनी सगळे उघडले. "चोरून प्यायची असती तर लोकांना बोलावलं कशाला?" ते म्हणाले. काकूंनी पुन्हा ओढले. असं दोनदा झालं. शेवटी रस्त्याकडचा पडदा उघडा आणि जिन्याकडचा बंद, यावर तह झाला. टेबलावर गौरीनं आणलेल्या तीन बाटल्या, एक पांढरी, एक तांबडी आणि एक जेवणानंतरची गोड. सहा पातळ काचेचे ग्लास आणि एक रिकामा वाडगा. भिंतीवर सरांनी केलेला तक्ता. गौरी एका बाजूला उभी होती. बाप-लेक एकमेकांशी अगदी सभ्यपणे बोलत होते, बँकेत बोलतात तसे.

सरांनी बाटली हातात घेतली आणि हेडसरांचा ग्लास काठोकाठ भरला. ताक वाढतात तसा.

"बाबा, इतकं नाही," गौरी म्हणाली. "दोन बोटं फक्त."

"पाहुण्याला दोन बोटं? लोक काय म्हणतील?"

"लोक घोट घेतील, चव बघतील आणि नको असेल तर या वाडग्यात टाकतील."

ज्या हेडसरांनी शाळेच्या प्रत्येक जिन्यावर 'येथे थुंकू नये' अशी पाटी लावली होती, त्यांनी त्या वाडग्याकडे एकवार पाहिलं आणि निमूटपणे सगळं गिळलं. शिवाप्पा पुढे झाला. घोट तोंडात घोळवला, डोळे मिटले आणि दोन हातांवरून वाडग्याच्या बरोबर मधोमध नेम धरला. एक थेंब बाहेर नाही. "ह्या कामात माझा हात कोन धरतंय," तो म्हणाला. गौरी त्या दिवसात पहिल्यांदा हसली. आमच्या कंपनीत या मामा, असं म्हणाली.

मग चटणी. तक्त्यात सरांनी स्वतःच्या अकलेनं एक बदल केला होता. तांबड्याला तांबडं शोभतं म्हणून शेंगाच्या चटणीसमोर तांबडी वाइन लिहिली होती. हेडसरांनी कडक भाकरीचा तुकडा चटणीत चांगला घोळवून खाल्ला आणि वर तांबडीचा घोट घेतला. त्यांचे डोळे भरून आले, कान लाल झाले. "यप्पा!" शिवाप्पा ओरडला, "पानी आना."

"तांबडीत तुरटपणा असतो, त्यानं तिखट आणखी भडकतं," गौरी सांगू लागली. "चटणीला थंड आणि जराशी गोडसर पांढरी. तांबडी वांग्याला. मी तुम्हाला तसंच लिहिलं होतं बाबा."

सर तक्त्यापाशी गेले. खिशातून हिरवं पेन काढलं आणि तिच्यापुढे धरलं. "दुरुस्त कर," म्हणाले. चाळीस मुलांच्या वर्गातल्या एकाही पोरानं कधी सरांची चूक काढलेली मी ऐकली नव्हती. तिनं दोन ओळी खोडल्या, बाण काढले. सरांनी चष्मा वर करून ते वाचलं आणि पांढरी बाटली उचलली. त्यानंतर खरोखर मजा आली. चटणीवर ती थंडगार पांढरी अशी बसली, की हेडसरांनी पुन्हा ग्लास पुढे केला. वांग्यानंतर शिवाप्पा वाडगा विसरला.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात येत होती. इतक्या वेळात सरांनी वाइन हा शब्द मुलीसमोर एकदाही उच्चारला नव्हता. 'हे पेय', 'तो प्रकार', 'पांढरं ते'. परवाना काढला, पडदे उघडले, तक्ता लिहिला, सगळं केलं. पण जे बोलायला पाहिजे होतं ते सोडून. गौरीच्याही ते लक्षात आलं असणार. ती शेंगापोळ्यांचं ताट पुसलेलंच पुन्हा पुसत होती आणि संध्याकाळच्या गाडीचं आईला विचारत होती.

तेवढ्यात बेल वाजली. दारात सोसायटीचे सेक्रेटरी, बिराजदार. मंद्रूपचे मूळचे, कपाळाला भस्म, सोसायटीच्या भजनी मंडळाचे प्रमुख. जिन्यात कसला तरी वास येतोय आणि माणसांची वर्दळ दिसतेय, म्हणून आले होते.

"काय कार्यक्रम हाय?" त्यांनी विचारलं.

शिवाप्पानं वाडगा पाठीमागे घेतला. आणि काकूंच्या तोंडून भीतीनं निघून गेलं, "सत्यनारायण!"

बिराजदारांचा चेहरा एकदम मऊ झाला. त्यांनी उंबऱ्याबाहेरच चपला काढल्या, आत आले, मान खाली घातली आणि उजव्या हाताचा तळवा खोलगट करून पुढे केला. "मग तीर्थ घेऊनच जातो की."

समोर सर उभे होते. त्यांच्या हातात बाटली होती. तिसरी, गोड, सोनेरी रंगाची. कुणी काही सांगायचीसुद्धा गरज नव्हती; चार थेंब त्या तळहातावर पडले असते तर बिराजदार ते डोळ्यांना लावून निघून गेले असते. मी असतो तर तेच केलं असतं.

सरांनी बाटली खाली ठेवली.

"बिराजदार, सत्यनारायण नाही," ते म्हणाले. आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचवायचा तसा. "ही वाइन आहे. माझी मुलगी वाइन बनवते. ही गौरी. ही तिनं बनवलेली आहे आणि आम्ही ती चाखतोय. दोन वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की ती जॅम करते. ते खोटं होतं. तिच्या कामात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. माझ्यात होतं."

बिराजदारांचा हात पुढे केलेला तसाच होता.

"अडीच वर्षं, बाबा," गौरी म्हणाली.

"अडीच," सर म्हणाले.

मग ती पुढे आली आणि तिनं बिराजदारांच्या त्या रिकाम्या हातावर एक शेंगापोळी ठेवली. "घ्या काका. ही आईनं केलीय."

बिराजदारांनी पोळीकडे बघितलं, बाटल्यांकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. आता सोसायटीची नोटीस निघणार, असं धरून आम्ही बसलो. त्यांनी पोळीचा घास घेतला, हळूहळू चावला आणि आवाज बारीक करून म्हणाले, "आमचा थोरला बी.एस्सी. ॲग्री झालाय, बाई. दोन वर्षं घरीच हाय. तुमच्या तितं काय लागतंय का बघा की." जाताना त्यांनी दार स्वतःच्या हातानं नीट ओढून घेतलं.

"म्हणजे होटगीकर," माने हेडसर म्हणाले, "तो जॅम..."

"बाजारातला होता, हेडसर."

"झाकणावर लिहिलंच होतं. पण नातवाला आवडला."

सरांनी त्या दिवशी वाइनला तोंड लावलं नाही. शपथ ती शपथ. त्यातले दोनच शब्द खोडले होते, बाकीची शाबूत होती. गौरीनंही आग्रह केला नाही. तिनं ग्लास त्यांच्या नाकाशी धरला आणि त्यांनी डोळे मिटून वास घेतला. "पिकलेला पेरू," म्हणाले. "बरोबर," ती म्हणाली. संध्याकाळच्या गाडीनं ती गेली नाही, दोन दिवस राहिली.

सर पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात गेले, तिकडेच, मुलीकडे असताना. आम्हाला बातमी फोनवर कळली. त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधी महिनाभर, सोलापूरच्या एस.टी. स्टँडवर, नाशिकच्या गाडीत बसताना. काकू खिडकीशी बसल्या होत्या. सर दारात, छातीशी एक खोकं धरून.

"पेटीत काय हाय? वर टाका," कंडक्टर म्हणाला.

"वर नको, मोडतं. कडक भाकरी आहे. मुलीला नेतोय," सर म्हणाले. मग कुणी काही विचारलेलं नसताना, अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात, "ती वाइन बनवते."

"बरं बरं, सरका पुढं," कंडक्टर म्हणाला. मागच्या सीटवरच्या दोघा-तिघांनी माना वर करून बघितलं. सर जागेवर बसले, खोकं मांडीवर घेतलं आणि शेजारच्या माणसाकडे वळून, त्यानं विचारण्याआधीच, पुन्हा सांगू लागले.

मी खिडकीपाशी गेलो. आज सांगून टाकायचं, असं घरून ठरवून निघालो होतो. लग्नात गौरीला जॅमचं विचारणारा मी होतो, मुद्दाम विचारलं होतं. एवढं एक वाक्य. सरांनी बोलणं थांबवून माझ्याकडे बघितलं. "काय भाऊसाहेब?"

"पाण्याची बाटली घेतलीत ना, सर?" मी म्हणालो.

"घेतली की," ते म्हणाले, आणि गाडी निघाली.